हरणांची गव्हाण

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आमच्या घरात न्यायालय भरते. माळ्यावरची एकेक वस्तू खाली येते, ओट्यावर उभी राहते आणि "हे ठेवायचे की टाकायचे?" असा सवाल होतो. न्यायाधीशाच्या जागी अर्थातच सौभाग्यवती. मी आरोपीचा वकील. आणि आजवर मी एकही खटला जिंकलेला नाही. यंदाही दोन मोडक्या छत्र्या आणि एक मुका रेडिओ पाच मिनिटांत निकालात निघाला. मग पाच फूट लांबीची, खालच्या अंगाला फाटा फुटलेली एक करडी नळी पुढे आली. तिने ती उलटी केली, तेव्हा मूठभर किडका मका आणि तारेचा वीतभर तुकडा खाली पडला.

"हे काय हो?"

मी वकीलपत्र सोडून गप्प बसलो.

वैशाखात नातू पुण्याहून आला होता. वय वर्षे दहा. फैजपूरचे ऊन आणि केळीच्या बागा यांच्याबद्दलचे त्याचे कुतूहल दोन दिवसांत संपले. तिसऱ्या दिवशी त्याने फोनवर मला एक अमेरिकन गृहस्थ दाखवला. त्या भल्या माणसाने प्लॅस्टिकची नळी झाडाला बांधून तिच्यात मका भरला होता आणि संध्याकाळी त्याच्या अंगणात हरणे येऊन, आपल्या गोठ्यात वासरे यावीत तशी, मका खात होती. "आजोबा, आपल्याकडे हरणे आहेत?"

आता हा प्रश्न सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला विचारायचा! 1969 साली जाहीर झालेले यावल अभयारण्य आमच्या उशाशी. मी निवृत्त शिक्षक; सवयीप्रमाणे धडा सुरू केला. सांबर आणि भेकर ही खरी हरणे, कारण ती शिंगे गाळतात. चिंकाऱ्याला सगळे हरीण म्हणतात, पण तो कुरंग. त्याची शिंगे जन्मभराची. नातवाने शांतपणे विचारले, "तो मका खातो का?"

आमचे थोडे शेत खिरोद्याच्या पुढे, पालच्या वाटेवर आहे. ठिबक सिंचनाच्या या जिल्ह्यात कुठल्याही शेतात नळीचा तुकडा पडलेला सापडतोच. आम्हालाही चार इंची सापडला. दुकानातून एक वाय, दोन टोपणे आणि सोल्युशनची डबी आणली. दोनशे रुपयांच्या आत काम झाले. नळी उभी धरायची, खाली वाय चिकटवायचा, त्याचे तोंड तिरपे बाहेर ठेवायचे. बुडाला टोपण आणि त्याला पाणी निथळायला बारीक भोके. वरचे टोपण मात्र चिकटवायचे नाही. तिथून मका ओतायचा. आठ-नऊ किलो सहज बसतो. जनावराने तोंडाशी आलेला खाल्ला की वरचा आपोआप खाली सरकतो. नळी बांधायला आम्ही बांधावर दोन बांबू रोवले. फैजपूरच्या माणसाने बांबू हातात घेतला की त्याला डिसेंबर 1936 आठवतो. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन आमच्या गावचे, आणि गांधीजींच्या इच्छेवरून नंदलाल बोसांनी तेथली सजावट बांबूसारख्या गावच्या साहित्यातून उभी केली होती. ही हकीकत मी नातवालाही ऐकवली. त्याने बांबू सरळ आहे ना, एवढेच पाहिले.

सालदार हे सगळे विडी ओढत बघत होता. "गुरुजी, दाणा खाऊन बैल मरतो. हे तर रानातलं जनावर."

माझ्या लहानपणी आमचा एक बैल रात्री दावे तोडून खळ्यात शिरला होता. पोटभर ज्वारी खाऊन वर पाणी प्याला. सकाळी पोट नगाऱ्यासारखे ताठ, दिवस मावळायच्या आत संपला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू पाल्याला सरावलेले असतात. एकदम पिठूळ दाणा पडला की तेथे आम्ल साचते आणि जनावर खंगते. हे मी वर्गात शिकवले होते. पण नातवाच्या डोळ्यांपुढे हरणे दिसत होती आणि मला नातवाचे डोळे. मी म्हणालो, "थोडासाच ठेवू."

पहिले आठ दिवस खारी आल्या. मग एका रात्री डुकरांनी बांबू आडवा केला. आम्ही तो पुन्हा रोवला. आणि एका संध्याकाळी लिंबाआड बसलो असताना नातवाने माझा दंड घट्ट धरला. बांधावर दोन चिंकारे. तांबूस, सडसडीत, शेपटी सारखी हलणारी. एकाने मान वळवून आमच्याकडे पाहिले. मग नळीत तोंड घातले. पोराने श्वास रोखला होता. त्या संध्याकाळबद्दल मला अजून पश्चात्ताप करता येत नाही, ही माझी अडचण आहे.

तो पुण्याला गेला आणि मी रोज मका घालत राहिलो. जूनमध्ये एका सकाळी सालदाराने मला नळीपासून पन्नास पावलांवर नेले. झुडपाच्या बुंध्याला तारेचा फासा बांधलेला होता. तारेला चार-सहा तांबूस केस चिकटले होते. रक्त नव्हते. जनावर सुटले की कोणी नेले, हे कळायला काही मार्ग नव्हता.

"ते रोज एकाच वाटेनं येऊन राह्यलं होतं, गुरुजी. वाट आपणच पाडली."

फास वनरक्षकाच्या हवाली केला. तोडताना उरलेला तुकडा माझ्या खिशात राहिला. नळी त्याच दिवशी काढली. मग मागाहून शहाणपण गोळा करू लागलो. अमेरिकेतच 1967 साली कोलोराडोत हरणांचा एक झिजवणारा रोग प्रथम दिसला. लाळेतूनही पसरतो, आणि चार जनावरांनी एका तोंडाशी खाल्ले की त्याचे फावते. म्हणून तिथल्या कित्येक राज्यांनी हरणांना असे खायला घालण्यावर बंदी आणली आहे. त्या भल्या गृहस्थाने हे सांगितले नव्हते. चिंकाऱ्याला पाणीसुद्धा फारसे लागत नाही. पाल्यातले आणि दवाचे त्याला पुष्कळ होते.

"मग त्यांनी खायचे तरी काय?" मी सालदाराला विचारले. त्याने बांधाकडे हात केला. बांध स्वच्छ होता. मीच दोन वर्षांपूर्वी शेत नीटनेटके दिसावे म्हणून त्याच्यावरच्या बोरी मजूर लावून तोडल्या होत्या. त्या तोडणीची मजुरी नळीच्या दसपट झाली होती.

नातू दर रविवारी फोनवर विचारतो, "आजोबा, हरणे येतात?" मी म्हणतो, "येतात." सौभाग्यवती हे ऐकते आणि काही बोलत नाही.

यंदा बांधाला कोणी कोयता लावलेला नाही. बोर मुळापासून फुटते. पावसाने ती गुडघ्याएवढी झाली आहे. तिच्यात बसायला लिंबाइतकी चांगली आडोशाची जागा नाही, आणि काही येईलच असेही नाही.

"ठेवायचे की टाकायचे?" तिने पुन्हा विचारले.

"ठेव. तो वसुबारसेला येतो आहे."

"आणि ही तार?"

"तीही ठेव," मी म्हणालो.

तिने तार उचलून नळीत टाकली आणि पुढची वस्तू पुढे ओढली.