अर्धा इंच

मिनियापोलिसला मिसिसिपी नदीवर आय-३५डब्ल्यू महामार्गाचा एक पूल आहे. दीड वर्ष ऑनसाइटला होतो, तेव्हा रोज त्यावरून ऑफिसला जायचो. पांढराशुभ्र, दहा पदरी. नदी कधी ओलांडली कळायचंही नाही. पण हा पूल दुसरा. पहिल्याची गोष्ट एका रविवारी सहज वाचायला घेतली आणि रात्री दोन वाजेपर्यंत चौकशी अहवालच वाचत बसलो.

पहिला पूल १९६७ चा. पोलादी सांगाडा, खाली नदी आणि काठाला मालगाड्यांचे रूळ. १ ऑगस्ट २००७ ला संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी, म्हणजे ऐन ऑफिस सुटायच्या वेळी, मधला भाग काही सेकंदांत नदीत गेला. एक तुकडा रुळांवर उभ्या मालगाडीच्या डब्यांवर पडला. १३ माणसं गेली, १४५ जखमी झाली. लहान मुलांनी भरलेली एक बस कठड्याला टेकून थांबली, त्यातली सगळी मुलं वाचली.

आता तुम्ही म्हणाल, गंजला असेल म्हातारा पूल. मलाही तेच वाटलं होतं. कागदोपत्री 'दुरुस्तीची गरज' हा शेरा कित्येक वर्षं होताच. दरवर्षी तपासणीही व्हायची, भेगा शोधल्या जायच्या. पण मूळ कारण भेग नव्हतीच!

सांगाड्यातल्या तुळया जिथे एकत्र येतात, तिथे दोन्ही बाजूंनी पोलादी पत्रा ठोकतात. त्याला गसेट प्लेट म्हणतात. काही सांध्यांवर ही प्लेट अर्धा इंच जाड होती, हवी होती साधारण दुप्पट. चूक डिझाइनची, साठच्या दशकातली. ज्यांनी डिझाइन तपासलं, त्यांनाही ती दिसली नाही.

तरी पूल ४० वर्षं उभा राहिला. मधल्या काळात वर काँक्रीटचा आणखी एक थर चढला, नंतर जड दुभाजक आणि कठडे आले. त्या दिवशी दुरुस्तीचं काम चालू होतं, त्याची वाळू, खडी आणि यंत्रं मिळून सुमारे २६२ टन वजन नेमकं त्या कमकुवत सांध्याच्या आसपास होतं. बस्स.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. पुलाची वजन पेलायची क्षमता नंतरही काढली गेली, पण त्या हिशोबात तुळया असायच्या, प्लेट नसायच्या. का? तर सांधा तुळईपेक्षा मजबूतच असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. २००३ च्या फोटोंत त्या प्लेट वाकलेल्या चक्क दिसतात. फोटो फाइलमध्ये राहिले.

आपण तरी वेगळं काय करतो? माझ्या प्रोजेक्टमध्ये २००४ चं एक मॉड्यूल आहे. दर रिलीजला त्यावर नवं काहीतरी चढतं. रिव्ह्यू होतो तो नव्या ओळींचा. खालचं? 'ते चालतंय ना, हात लावू नकोस.' वीस वर्षं चाललं हाच त्याचा पुरावा!

पूल पडल्यावर अमेरिकेत गसेट प्लेटचंही गणित तपासायच्या सूचना निघाल्या. सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलात तीनशेहून जास्त सेन्सर आहेत. छानच आहे. पण सेन्सर फक्त काय बदललं ते सांगतो. पहिला हिशोब बरोबर होता का, हे कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय कळत नाही.

असो. सोमवारी त्या मॉड्यूलसाठी दोन दिवस मागणार आहे. मॅनेजर 'बिझनेस व्हॅल्यू काय?' विचारणार, हे नक्की.