घडीचा कॅमेरा आणि आत्याबाईंचें छायाचित्र

कॅमेरा हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ खोली. पोर्तुगीज लोकांबरोबर तो या देशीं आला आणि त्याचाच 'कमरा' झाला, हें आम्हीं वर्गांत सांगितलें म्हणजे मुलांस मोठी मौज वाटे. "मग गुरुजी, घडी घालून खिशांत ठेवतां येते ती खोली कसली?" असें एका चलाख विद्यार्थ्यानें विचारलें, तेव्हां दुसरे दिवशीं आम्ही घरचा कॅमेरा शाळेंत घेऊन गेलों. बटण दाबतांच झांकण उघडलें, भिंग खट्‌दिशीं आपल्या जागीं उभें राहिलें, मागें काळा भाता पसरला आणि सगळा वर्ग चूप झाला.

या यंत्राची सारी करामत त्या भात्यांत आहे. भिंग व फिल्म यांच्यामध्यें आठ-दहा सेंटिमीटरांचें अंतर लागतें; तेवढी पोकळ पेटी जवळ बाळगणें म्हणजे ओझेंच. काम नसेल तेव्हां तें अंतर मिटवून टाकावयाचें, एवढीच युक्ति. फिल्म १२० क्रमांकाची. कोडॅक कंपनीनें ती सन १९०१ मध्यें काढली व अद्यापिही ती मिळते. तिच्या पाठीवरील कागदावर आंकडे छापलेले असतात. ते मागच्या तांबड्या खिडकींतून वाचीत किल्ली फिरवावयाची. एका गुंडाळीवर सहा बाय नऊ सेंटिमीटरांचीं चित्रें आठ, चौरस असलीं तर बारा आणि सहा बाय साडेचारचीं सोळा निघतात. निगेटिव्ह मोठी, म्हणून ती सरळ कागदावर ठेवून तेवढ्याच मापाची प्रत छापतां येते. वर्धक यंत्र नसलें तरी अडत नाहीं. विजेची शाश्वती नसलेल्या गांवांत ही सोय थोडी नव्हे.

याच्या जाती पुष्कळ. झाइस इकॉनचा इकोंटा सन १९२९ मधला. सन १९३४ मध्यें त्याचा थोरला भाऊ सुपर इकोंटा आला; त्यांत अंतरमापक भिंगाशींच जोडलेला होता, म्हणजे अंतर मोजणें व भिंग जुळविणें एकाच हालचालींत साधे. रशियनांचा मॉस्क्वा त्याच्याच धर्तीवरचा. आग्फाचा आयसोलेट सन १९३८ मध्यें निघाला. त्याच्या तिसऱ्या अवतारांत अंतरमापक आहे, परंतु त्यावरील आंकडा वाचून भिंगाचें कडें आपल्या हातानें फिरवावें लागतें. फॉइग्टलेंडरचा बेसा आणि इंग्लंडांतील एन्साइनचा सेल्फिक्स हेही याच कुळींचे. पुढें बडोद्यास बनूं लागलेला आग्फा क्लिक थ्री पुष्कळ घरीं पोंचला. फिल्म तीच, पण त्यास भाता नाहीं. आमच्या मतें शिकणारास अंतरमापक नसलेलें यंत्रच उत्तम. पावलें मोजून अंतर ठरविण्याची संवय जडली कीं ती जन्मभर जात नाहीं.

आमचें घराणें अंबडचें. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. त्यापूर्वीं आम्ही औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत होतों. घरचा कॅमेरा काकांनीं मुंबईहून आणिला. त्याची किंमत त्यांनीं काकूंस अखेरपर्यंत सांगितली नाहीं! मत्स्योदरी देवीची नवरात्रांतील जत्रा, मुंजी, लग्नें, सारें त्यांनीं टिपलें. एका गुंडाळींत बाराच चित्रें, म्हणून एकेक विचार करून. सन १९६७ मध्यें ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना चालू झाला आणि पुढें त्यांची 'इंदु' फिल्म मिळूं लागली, तेव्हां काकांचा हात किंचित् सैल झाला. तो कारखाना आतां राहिला नाहीं.

या सर्व गुंडाळ्यांत आत्याबाई कोठेंच नाहींत. एकोणिसाव्या वर्षीं त्यांना वैधव्य आलें. केशवपन झालें, अंगावर लाल आलवण आलें. कॅमेरा निघाला कीं त्या माजघरांत जात. सन १९६८ मध्यें एके दिवशीं मात्र त्या आपण होऊन काकांस म्हणाल्या, "तुझी ती पेटी आण. इंदूरच्या ताईला माझें तोंड पाहावयाचें आहे." दोघी बहिणींची भेट वीस वर्षांहून अधिक काळ झालेली नव्हती. काका म्हणाले, "अक्का, पदर जरा पुढें घे." त्यावर त्या म्हणाल्या, "जशी आहें तशी काढ. ताईनें मला अशी पाहिलेली नाहीं." वाती वळतां वळतां त्यांनीं मान वर केली, तोंच काकांनीं कळ दाबली. आम्ही तेव्हां लहान होतों, पण ती कळ आम्हांस अजून ऐकूं येते.

भात्याच्या कोपऱ्यावर, जेथें घडी सदैव दुमडते, सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें होतें. चित्रांत आत्याबाईंच्या खांद्यापासून गालापर्यंत पांढरा पट्टा उमटला. तरीही एक प्रत इंदूरास गेली. तिकडून आलेलें उत्तर त्यांनीं कोणास वाचावयास दिलें नाहीं.

गेल्या पितृपक्षांत आमच्या पुतण्यानें, तो पुण्यास इंजिनियर आहे, संगणकावर तो पट्टा पुसला. पुढें रंग भरण्याच्या नादांत यंत्रानें आपल्याच बुद्धीनें त्यांना काळेभोर केस दिले व कपाळीं कुंकू लाविलें. घरांतील पुष्कळांस तें आवडलें. फ्रेम करून दिवाणखान्यांत लावावें असेंही ठरूं लागलें. आम्हीं हरकत घेतली. पुतण्या म्हणाला, "काका, त्यांच्यावर जो अन्याय झाला तो निदान चित्रांत तरी कशाला ठेवावयाचा?" या बोलण्यांत जोर नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचें मन चांगलें आहे. परंतु पट्टा हा भात्याचा दोष होता, तो खुशाल पुसावा. केसांचें तसें नाहीं. ज्या बाईनें उभ्या आयुष्यांत एकदांच कॅमेऱ्यासमोर बसून "जशी आहें तशी" म्हटलें, तिला तिच्या माघारीं दुसरी करण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? त्या दिवशीं घरांत बराच वाद झाला. दिवाणखान्यांतील खिळा अजून रिकामा आहे.

परवां तोच पुतण्या आला होता. रात्रीं दिवे मालवून त्यानें कॅमेऱ्याच्या पोटांत विजेरी धरली. तेव्हां भात्यावर एक सोडून तीन चांदण्या दिसल्या. चामड्याचा नवा भाता बसवून आणतों म्हणाला. आम्हीं कॅमेरा त्याच्या हवालीं केला. निगेटिव्हचें पाकीट मात्र आमच्याच पेटींत आहे.