अकरा नावे

मुलांनो, एक कोरा कागद घ्या आणि त्यावर एक ते अकरा आकडे घाला. आता भारताच्या हॉकी संघातून आजपर्यंत जे जे खेळले, त्यांच्यातले सर्वांत चांगले अकरा खेळाडू लिहा. सोपे वाटते ना? मलाही तसेच वाटले होते.

ही गोष्ट 1998 सालच्या डिसेंबरातली आहे. मी तेव्हा नववीत होतो. आम्ही पुण्याला खडकीत राहत होतो. त्याच महिन्यात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले होते. तब्बल 32 वर्षांनी ते मिळाले होते आणि संघाचा कर्णधार होता आमच्या खडकीचा धनराज पिल्ले! तुम्हीच सांगा, आमच्या आनंदाला काय सीमा असणार? आमच्या सरांनी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मला काम दिले, ‘भारताचा सर्वोत्तम हॉकी संघ निवड आणि कारणे लिही.’

मी घरी आलो आणि पहिले नाव लिहिले धनराज पिल्ले. दुसरे ध्यानचंद. तिसऱ्या नावाशी पेन्सिल अडली.

आमच्या शेजारी एक चाचा राहत. ते कारखान्यातून निवृत्त झाले होते. हॉकी हा त्यांचा जीव की प्राण. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, माझी दोन नावे वाचली आणि विचारले, “बेटा, गोल कोण अडवणार?”

खरेच, गोलरक्षक मला सुचलाच नव्हता. गोल करणारा सगळ्यांना आठवतो, अडवणारा कुणालाच नाही. चाचांनी मला दोन नावे सांगितली. पहिले रिचर्ड ॲलन यांचे. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतावर एकही गोल झाला नाही, तेव्हा गोलात ॲलन होते. दुसरे नाव शंकर लक्ष्मण. ते महूचे. लष्करात मराठा पलटणीत होते. 1956, 1960 आणि 1964 अशा तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत भारताची गाठ पाकिस्तानशी पडली. पहिला सामना आपण 1-0 जिंकला, दुसरा 0-1 हरलो, तिसरा पुन्हा 1-0 जिंकला. म्हणजे तीन अंतिम सामने आणि लक्ष्मण यांच्या मागे गेलेला चेंडू फक्त एक! मी लगेच लक्ष्मण यांचे नाव लिहिले. ॲलन यांच्यासमोर दुबळे संघ जास्त होते, असे माझे मत होते आणि आजही आहे.

पाठीमागे पृथिपालसिंग हवेत, याबद्दल आमचा वाद झाला नाही. पेनल्टी कॉर्नरवर त्यांचा फटका म्हणजे तोफेचा गोळाच. त्यांच्या जोडीला रणधीरसिंग जेंटल. 1956 च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्यांचाच. मधल्या फळीत लेस्ली क्लॉडियस, चार ऑलिंपिक, तीन सुवर्ण आणि एक रौप्य. त्यांच्या शेजारी अजितपालसिंग, 1975 च्या विश्वचषकाचे कर्णधार.

1975 चे नाव निघाले की चाचांना थांबवणे कठीण. ते क्वालालंपूरच्या उपांत्य सामन्याचे वर्णन करू लागत. मलेशिया 2-1 ने पुढे. सामना संपत आलेला. भारताला पेनल्टी कॉर्नर मिळतो आणि राखीव खेळाडू अस्लम शेर खान मैदानात येतात. ते गळ्यातल्या तावीजाचे चुंबन घेतात आणि चेंडू मारतात. गोल! पुढे जादा वेळेत हरचरणसिंग यांनी गोल केला आणि अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानला 2-1 ने हरवले. त्या वेळी चाचांच्या घरी रेडिओभोवती अख्खी गल्ली जमली होती. अस्लम यांचे वडील अहमद शेर खान 1936 च्या सुवर्णविजेत्या संघात होते, हे सांगताना चाचांचा आवाज दर वेळी भरून येई.

आता तुमच्या कागदाकडे या. तुम्ही 1947 पूर्वीच्या खेळाडूंचे काय करणार? अली दारा 1936 मध्ये बर्लिनला भारताकडून खेळले. अंतिम सामन्यात आपण जर्मनीला 8-1 असे हरवले, त्यांत त्यांचेही गोल होते. तेच दारा 1948 मध्ये पाकिस्तानचे कर्णधार झाले. अख्तर हुसेन आणि लतीफुर रहमान यांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. 1948 मध्ये लंडनला त्यांनी भारताकडून सुवर्णपदक मिळवले आणि 1956 मध्ये पाकिस्तानकडून रौप्य. म्हणजे ज्या देशाबरोबर जिंकले, त्याच देशाकडून पुढे अंतिम सामना हरले. मी म्हणालो, “ते आपले नाहीत.” चाचा म्हणाले, “ज्या दिवशी गोल मारला, त्या दिवशी अंगावर कुठला शर्ट होता, तेवढं बघ.” हा नियम मला पटला. तुम्हांला पटतो का पाहा.

खरी अडचण आघाडीच्या फळीत आली. जागा पाच आणि दावेदार दहा! ध्यानचंद यांना कोण हलवणार? 1928 मध्ये एकाच ऑलिंपिकमध्ये त्यांचे 14 गोल. त्यांचे धाकटे भाऊ रूपसिंग, 1932 मध्ये अमेरिकेविरुद्ध 24-1 असा सामना झाला तेव्हा त्यांनी एकट्याने दहा गोल मारले होते. मग बलबीरसिंग? 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताचे सहा गोल झाले, त्यांतले पाच त्यांचे. पण तेही ध्यानचंद यांच्याच जागेवर खेळणारे. त्यांना थोडे बाजूला सरकवावे असे मी सुचवले, तर चाचा चिडलेच. “ही काय बसमधली सीट आहे? ज्याची जागा त्याची.”

चाचांनी मोहम्मद शाहिद आणि जफर इक्बाल ही नावे घेतली. दोघेही 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातले. मी धनराजसाठी हट्ट धरला. तेव्हा चाचा हसून म्हणाले, “हे नाव लिहिताना तू खेळ बघतोस की पत्ता?”

मला राग आला. आणि मी बोलून गेलो, “मग तुम्ही तरी काय बघता? शाहिद, जफर! तुम्ही तुमच्यातलीच नावं घेणार!”

चाचा काही बोलले नाहीत. चष्मा काढून त्यांनी तो पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. आतून चाचींनी चहा आणून ठेवला होता. तो मी प्यायलो नाही. वही उचलून घरी आलो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी ते वाक्य कुठून आणले होते, तेही मला कळत नव्हते. घरी असे कुणी बोलत नसे. वडिलांना सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चाचांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. ‘माफ करा’ हे शब्द ओठांवर होते. पण बाहेर येईनात.

चाचांनीच आत बोलावले. म्हणाले, “1982 च्या जानेवारीत मुंबईला विश्वचषक होता. मी रजा काढून गेलो होतो. शाहिद चेंडू घेऊन निघायचा तेव्हा समोरचा खेळाडू आधी डावीकडे झुकायचा, मग उजवीकडे, आणि शाहिद मधून निघून जायचा. आपण पाचवे आलो, बेटा. पण मी जे बघितलं ते बघितलं.” मग त्यांनी उशीखालून एक कागद काढून माझ्या हातात दिला. रात्री बसून त्यांनी स्वतःचा संघ लिहिला होता. लक्ष्मण. पृथिपाल, जेंटल. क्लॉडियस, अजितपाल. किशनलाल, शाहिद, ध्यानचंद, रूपसिंग, जफर.

मी ती नावे दोनदा वाचली. अस्लम शेर खान त्यांत नव्हते.

“अस्लम कुठे?” मी विचारले.

“एक गोल म्हणजे अख्खा खेळाडू नाही,” चाचा म्हणाले. “मला तो फार आवडतो. पण फुलबॅक म्हणून जेंटल वरचढ.”

मी मान खाली घातली. “चाचा, मी काल चुकलो,” एवढेच बोलू शकलो. ते म्हणाले, “डावा हाफ राहिलाय. बस, शोधू या.” यादीत तेवढी एक जागा रिकामी होती. तिथे काही नावे लिहून खोडलेली दिसत होती. अंधार पडेपर्यंत आम्ही शोधत बसलो आणि तरी एकमत झाले नाही.

भित्तिपत्रकावर माझा संघ लागला. त्यात शाहिद होते आणि धनराजही होता. किशनलाल यांची जागा मी त्याला दिली. किशनलाल 1948 च्या सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार, त्यामुळे चाचांना ते आवडले नाही. पण मी आजही माझ्या मतावर ठाम आहे. कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिक घेऊन खेळलेला हा मुलगा चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. तेही अशा काळात, की भारताचा संघ वरचेवर हरत होता. जिंकणाऱ्या संघात चमकणे त्यापेक्षा सोपे.

तसे पाहिले तर या सगळ्यांची तुलना करणे कठीणच आहे. ध्यानचंद गवतावर खेळले, धनराज कृत्रिम मैदानावर. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमधले गवत गेले. पुढे ऑफसाइडचा नियमही गेला. खेळ तोच, पण पाय वेगळे, दम वेगळा. आणि मुलींचा संघ? त्यांची यादी मी वेगळी करतो आहे. 2021 मध्ये टोकियोत राणी रामपालच्या संघाने चौथा क्रमांक मिळवला, तेव्हापासून ती वहीत सुरू आहे.

चाचा 2009 मध्ये गेले. टोकियोत पुरुषांच्या संघाचा जर्मनीशी कांस्यपदकाचा सामना चालू होता, तेव्हा मला त्यांची फार आठवण आली. भारत 5-4 ने पुढे होता. शेवटचे काही सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि श्रीजेशने तो अडवला. त्या रात्री मी जुनी वही काढली. लक्ष्मण यांच्या नावावर बराच वेळ पेन्सिल धरून बसलो. शेवटी खोडले नाही; पण शेजारी बारीक अक्षरांत श्रीजेश लिहिले.

डाव्या हाफची जागा अजून रिकामीच आहे. तुमच्या कागदावर तिथे कोण आहे? आणि त्याला का निवडले?