अण्णांचा रोजनामा

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. मध्ये दोघा-तिघांनी मेल करून विचारलं, बाबा रे, आहेस ना? आहे. २०२५ च्या दिवाळीत तीन आठवडे साताऱ्याला होतो, तेव्हापासून एक गोष्ट लिहायची राहिली आहे. नातेवाईक मंडळींपैकी बऱ्याच जणांना ती अर्धी माहीत आहे, कारण अण्णा ती सगळ्यांना सांगतात.

अण्णा जिल्हा न्यायालयात नोकरीला होते. कारकून म्हणून लागले आणि शिरस्तेदार होऊन रिटायर झाले. आता वय ८६. कानाला कमी, पण फोन स्पीकरवर टाकला की सगळं ऐकू येतं. गेली काही वर्षं आमच्या रविवारच्या फोनला एक ठरलेला क्रम होता. आधी माझी तब्येत, मग मुलांचे अभ्यास, मग बर्फ पडला का, आणि मग खाकरून, "तुमच्याकडच्या त्या कामाची तारीख कधी लागली?"

काम म्हणजे ट्रम्पचं काम. खटला, केस हे शब्द अण्णा वापरत नाहीत. कोर्टात चालतं ते काम.

सुरुवात ६ जानेवारी २०२१ ची. मी मेरीलँडमध्ये राहतो, कॅपिटॉलपासून गाडीने तासाभराच्या आत. त्या दुपारी ऑफिसचं काम घरूनच चालू होतं, बायकोने हाक मारली म्हणून टीव्हीसमोर गेलो आणि रात्रीपर्यंत तिथेच बसलो. भिंतींवर चढणारी माणसं, फुटलेल्या खिडक्या, आणि ज्या गोल घुमटाखाली २०१२ मध्ये अण्णा-आईला उभं करून मी फोटो काढले होते तिथे झेंडे घेऊन फिरणारी गर्दी. दीडशेच्या आसपास पोलीस त्या दिवशी जखमी झाले. संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे पहाटे सहाला, अण्णांचा फोन आला. मला वाटलं, काळजीने केला असेल. तर पहिला प्रश्न, "सभा तहकूब झालीय की मोडलीय?"

मी म्हटलं, तहकूब. आठ वाजता पुन्हा बसणार म्हणतायत.

"बसली की कळव."

सभा बसली. पहाटे पावणेचारच्या सुमारास बायडन निवडून आल्याची मोजणी पूर्ण झाली. मी कळवलं. अण्णा म्हणाले, "बरं झालं. आता काम दाखल कधी होतं बघायचं."

इथे मला थोडं मागे जायला हवं, कारण या सगळ्यात माझीही एक अडचण आहे. २०१२ च्या त्या ट्रिपमध्ये कॅपिटॉलच्या तळमजल्यावरचं जुनं सुप्रीम कोर्टाचं दालन पाहिलं होतं. १८१० पासून १८६० पर्यंत इथलं सर्वोच्च न्यायालय त्या खोलीत बसत असे. आई कंटाळली, पण अण्णा तिथून हलेनात. न्यायाधीश कुठे बसत यात त्यांना रस नव्हता, कारकुनाचं टेबल कुठे होतं ते ते शोधत होते! आणि मी बाजूला उभा राहून, नव्या मुलुखात चांगला पगार मिळालेल्या मुलाच्या थाटात, त्यांना ऐकवत होतो की अण्णा, इथे कायद्यापुढे कोणी मोठा नाही. १९७४ मध्ये निक्सनने टेप द्यायला नकार दिला तर सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध शून्य असा निकाल देऊन त्या द्यायला लावल्या, पंधरा दिवसांत त्याला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे होईल का असं?

अण्णा म्हणाले, "आपल्याकडे अलाहाबादला झालं होतं. आणि तुमच्या त्या निक्सनचं पुढे काय झालं?"

पुढे महिन्याभरात फोर्डने त्याला माफी दिली. हे मला माहीत होतं, पण मी ते सांगितलं नव्हतं.

तरीही चार वर्षांनी मी बाल्टिमोरला जाऊन नागरिकत्वाची शपथ घेतली. त्या शपथेत घटनेचं रक्षण परक्या आणि घरातल्याही शत्रूंपासून करीन असं एक वाक्य आहे. तेव्हा हात वर करून ते म्हणताना मी नंतरच्या जेवणाचा विचार करत होतो, खोटं कशाला बोलू. ६ जानेवारीच्या रात्री ते वाक्य आठवलं. म्हणून अण्णांचा दर रविवारचा प्रश्न मला टोचत असे. ते कामाची चौकशी करत, मला वाटे, माझी उलटतपासणी चाललीय.

तर, काम. आधी महाभियोग झाला. हाउसने १३ जानेवारीला २३२ विरुद्ध १९७ मतांनी तो मंजूर केला, आणि १३ फेब्रुवारीला सिनेटमध्ये ५७ जणांनी दोषी म्हटलं, ४३ जणांनी नाही. लागणार होती ६७. रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी निर्दोष असं मत दिलं आणि लगेच भाषणात ट्रम्प नैतिकदृष्ट्या जबाबदार आहेत, फौजदारी न्यायव्यवस्था अजून आहेच, असं सांगितलं. अण्णांना हे फार आवडलं. म्हणाले, "हे आमच्याकडचंच. 'हे कोर्टाचं अधिकारक्षेत्र नाही, योग्य त्या कोर्टात जा'. आणि योग्य कोर्टात गेलं की ते म्हणणार, आधी त्यांच्याकडे जायला हवं होतं."

मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे ट्रम्पच्या वकिलांनी खरंच असं म्हटलं, की सिनेटने आधी दोषी ठरवल्याशिवाय माजी अध्यक्षावर खटला चालत नाही!

आरोपपत्र आलं १ ऑगस्ट २०२३ ला. चार आरोप. देशाची फसवणूक करण्याचा कट, सरकारी कामकाजात अडथळा, त्यासाठीचा कट, आणि मतदारांच्या हक्काविरुद्ध कट. बंडाचा आरोप त्यात नव्हता. ट्रम्पने सगळे आरोप नाकारले. घटनेनंतर अडीच वर्षांहून अधिक काळ गेला होता. इथल्या मंडळात माझा एक जुना मित्र आहे, गणपतीची आरास आम्ही वर्षानुवर्षं मिळून केली. तो मला म्हणाला, "एवढी उघड केस होती तर तुमचे लोक अडीच वर्षं काय करत होते? निवडणूक जवळ आल्यावर बरं आठवलं?" मी भांडलो. पण रात्री मला याचं नीट उत्तर सापडेना. आजही सापडलेलं नाही. साध्या माणसांवरच्या केसेस त्याच आठवड्यापासून सुरू झाल्या होत्या, एकूण दीड हजारांहून जास्त झाल्या. खिडकीतून आत शिरलेला माणूस वर्षाच्या आत कोर्टात उभा होता.

आणि मग तारखा. ४ मार्च २०२४ ही तारीख नेमली. अध्यक्षाला खटल्यापासून संरक्षण आहे की नाही, हा मुद्दा आधी सोडवा म्हणून सगळं थांबलं. सरकारी बाजूने डिसेंबर २०२३ मध्येच सुप्रीम कोर्टाला विनंती केली होती की तुम्हीच थेट ऐका, वेळ वाचेल. कोर्ट नाही म्हणालं. फेब्रुवारीत अपील कोर्टाच्या तिघांनी एकमताने संरक्षण नाकारलं, तेव्हा सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण घेतलं, एप्रिलच्या शेवटी युक्तिवाद ऐकला आणि १ जुलैला सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला. अध्यक्षाच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांना पूर्ण संरक्षण, बाकीच्या अधिकृत कृत्यांना निदान गृहीत धरलेलं संरक्षण, खाजगी कृत्यांना काहीच नाही. मग कुठलं कृत्य अधिकृत आणि कुठलं खाजगी, ते खालच्या कोर्टाने एकेक करून ठरवायचं.

त्या रविवारी मी अण्णांना रागारागाने सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "अरे, त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. उद्या प्रत्येक नवा माणूस जुन्याला आत टाकायला लागला तर? पण मग ज्याने खुर्ची सोडायलाच नकार दिला असा आरोप आहे, त्याला खुर्चीचं संरक्षण कसं, तेवढं मला समजावून सांग." मला समजावता आलं नाही.

मधल्या काळात एक उपकथानक होऊन गेलं, ते अण्णांच्या खास आवडीचं. इथल्या यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये घटनेत चौदावी दुरुस्ती झाली. तिचं तिसरं कलम म्हणतं की घटनेची शपथ घेऊन नंतर बंडात सामील झालेल्याला पुन्हा पद धारण करता येणार नाही. न्यू मेक्सिकोत एका काउंटीचा कमिशनर ६ जानेवारीच्या गर्दीत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या कोर्टाने या कलमाखाली त्याचं पद काढून घेतलं. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच कलम ट्रम्पला लावलं, चार विरुद्ध तीन, तर मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून निकाल आला की केंद्राच्या पदांबाबत हे राज्यांना ठरवता येत नाही. त्या निकालात नऊच्या नऊ न्यायाधीश एका बाजूला होते, हेही सांगायला हवं.

"म्हणजे झेडपीचा मेंबर गेला," अण्णा म्हणाले. एवढंच.

मला वाटत होतं हे सगळं आत्ताच बिघडलंय. मग एकदा व्हर्जिनिया बीचला जाताना फोर्ट मन्रोला थांबलो. तिथे बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याला ठेवलं होतं ती कोठडी अजून दाखवतात. १८६५ च्या मे महिन्यात पकडला, राजद्रोहाचं आरोपपत्र झालं, दोन वर्षं आत. मग एक लाख डॉलरचा जामीन झाला, आणि जामिनाच्या कागदावर सही करणाऱ्यांत गुलामगिरीचा कट्टर विरोधक, न्यूयॉर्कचा संपादक होरेस ग्रीली होता. खटला मात्र कधी चाललाच नाही. रिचमंडचे ज्युरी निर्दोष सोडतील ही भीती होती, आणि पदबंदीची शिक्षा घटनेनेच दिली आहे तर दुसरी कशी द्यायची हा मुद्दाही निघाला. १८६८ च्या नाताळात अध्यक्ष जॉन्सन यांनी सरसकट माफी जाहीर केली आणि काम संपलं. डेव्हिस पुढे १८८९ पर्यंत जगला. कोठडीच्या बाहेर उन्हात उभा राहून मी अण्णांना फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. म्हणाले, "बघ, लाखो माणसं मेली तरी तारीख लागली नाही. तुमच्या कामात नवं काही नाही."

५ नोव्हेंबर २०२४ ला ट्रम्प निवडून आला. २५ नोव्हेंबरला सरकारी वकील जॅक स्मिथ यांच्या अर्जावरून खटला काढून टाकण्यात आला, कारण पदावरच्या अध्यक्षावर खटला चालवायचा नाही असं न्यायखात्याचंच धोरण आहे. जानेवारीत स्मिथ यांचा अहवाल आला, की दोषी ठरवायला पुरावा पुरेसा होता. आणि २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, जवळजवळ पंधराशे जणांना माफी, चौदा जणांची शिक्षा कमी. बावीस वर्षांची शिक्षा झालेला एनरिके टारिओही सुटला.

मंडळातल्या मित्राचा मेसेज आला, 'साधी माणसं होती रे, पुष्कळ भोगलं त्यांनी, आता मिटव.' मी उत्तर दिलं नाही. त्या वर्षी आरास दुसऱ्यांनी केली.

आणि दिवाळीत साताऱ्याला गेलो तेव्हा अण्णांनी कपाटातून एक डायरी काढली. बँकेची, जुन्या कुठल्यातरी वर्षाची. आत त्यांच्या बारीक तिरक्या अक्षरात रोजनामा! प्रत्येक रविवारी मी जे सांगितलं ते त्यांनी कोर्टातल्यासारखं नोंदवलं होतं. 'वादीतर्फे हजर. प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.' मधूनमधून समासात माझ्याबद्दल एकेक शब्द होता. 'चि. चिडलेला.' 'चि. गप्प.' मी किती तरी वेळ ती पानं उलटत बसलो. मला वाटायचं की ते मला माझ्या २०१२ च्या फुशारकीची आठवण करून देतायत. ते नुसती नोंद ठेवत होते.

मी म्हटलं, अण्णा, आमच्यापेक्षा ब्राझीलने बरं केलं. ८ जानेवारी २०२३ ला तिथे तोच प्रकार झाला, जूनमध्ये बोल्सोनारोला आठ वर्षं निवडणूकबंदी, आणि आता सप्टेंबर २०२५ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी सत्तावीस वर्षं तीन महिने कैद. (मी परत आल्यावर नोव्हेंबरात ती शिक्षा सुरूही झाली.)

"वाचलं. पण ज्या न्यायाधीशाला मारायचा कट होता म्हणतात, तोच त्या कामावर कसा बसला? आमच्याकडे असतं तर दुसऱ्या कोर्टात वर्ग केलं असतं." मग जरा थांबून, "निकाल बरोबरही असेल. पण मी असतो तर ते काम वर्ग केलं असतं."

मग १९७७ वर गेले. शहा आयोग, इंदिराबाईंना ३ ऑक्टोबरला झालेली अटक, दुसऱ्याच दिवशी मॅजिस्ट्रेटने केलेली सुटका, १९७९ चा विशेष न्यायालयांचा कायदा. कोर्टातल्या सगळ्यांना तेव्हा वाटत होतं, आता होणार. जानेवारी १९८० मध्ये बाई ३५३ जागा घेऊन परत आल्या आणि सगळं बारगळलं. "त्या दिवशी ऑफिसात कोणी काही बोललं नाही. बोर्ड होता तेवढा चालवला आणि घरी आलो." हे त्यांनी मला याआधी कधीच सांगितलं नव्हतं.

डायरीत शेवटच्या नोंदीपुढे निकालाचा रकाना रिकामा होता. अण्णांनी विचारलं, "काय लिहायचं? 'निकाली' लिहू?"

मी सांगितलं की जजबाईंच्या आदेशात कायमचं रद्द असं नव्हतं. पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून काढून टाकलंय. मुदतीचा कायदा आड येईल ते वेगळं.

"मग पेन्सिल दे," अण्णा म्हणाले.

पेन्सिल शोधताना डायरी माझ्या हातात होती, सहज पुढचं पान उलटलं. तिथे त्यांच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं काम सुरू झालं होतं. तीन तारखा पडल्या होत्या.