हुंबाबा आणि विघ्नासुर

गेलीं दोन वर्षें आम्ही एका परदेशी राक्षसाच्या नादीं लागलों आहों. हुंबाबा त्याचें नांव. बाबिलोनियाच्या गिल्गमेश-काव्यांत तो देवदारवनाचा राखणदार असून एन्लिल देवानेंच त्याला तेथें नेमलेलें आहे. ब्रिटिश म्यूझियममध्यें सिप्पर येथील त्याचा मातीचा मुखवटा आहे. सगळें तोंड आंतड्याच्या वेटोळ्यांनीं घडविलेलें! त्याचें चित्र पाहिल्यापासून आम्हीं त्याच्यावर चार लघुकथा लिहिल्या.

पांचवी मात्र अडली. गिल्गमेशाच्या हातीं सांपडल्यावर हुंबाबा प्राणदान मागतो, सेवक होऊन राहीन म्हणतो. पण मित्र एन्किडू ‘मार’ म्हणतो आणि त्याचें डोकें उडतें. त्यांत २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला, सुलैमानियाच्या संग्रहालयांतील मातीच्या पाटीवरचा लेख वाचनांत आला. त्यांत माकडें, पक्षी हुंबाबापुढें एखाद्या राजासमोर गावें तसे गातात. आणि पुढें एन्किडूलाच, आपण वन उजाड केलें, ही टोंचणी लागते. हें वाचल्यावर लेखणी मुळींच हलेना.

अशांत गेल्या माघांत घरच्या मंडळींसह ओझरास जाणें झालें. कुकडीकांठचें हें विघ्नेश्वराचें देऊळ. वसईच्या विजयानंतर (१७३९) चिमाजी आप्पांनीं त्याचा जीर्णोद्धार करून शिखर सोन्यानें मढविलें, असें सांगतात. दर्शन आटोपल्यावर ओवरींत बसून आत्याबाईंनीं मुलांना स्थानाची कथा सांगितली. अभिनंदन राजाच्या यज्ञांत आपल्याला भाग नाहीं असें पाहून इंद्रानें विघ्नासुर पाठविला. त्यानें तो यज्ञ मोडलाच, पण मग हात आवरेना. सगळ्याच सत्कर्मांवर धाड घातली. शेवटीं गजाननाला शरण गेला, भक्तांच्या वाटेस न जाण्याचें कबूल केलें, आणि मागितलें काय, तर ‘तुझ्या नांवाआधीं माझें नांव असूं दे.’ देवानें तेंही दिलें.

आम्ही चपापलों. एक इंद्रानें धाडलेला, दुसरा एन्लिलानें नेमलेला. दोघेही धन्याच्याच कामावर. शरण दोघेही आले.

इतक्यांत मुलांपैकीं एकानें विचारलेंच, “काका, मग तुमच्या राक्षसाला कां मारलें?”

“मूळ काव्यांत तसेंच आहे,” असें आम्हीं सांगितलें. (लेखकाला हें उत्तर नेहमींच सोयीचें असतें.)

आत्याबाईंना राक्षसाशीं कर्तव्य नव्हतें. त्या म्हणाल्या, “धाकट्याचें पत्र येऊन तीन महिने झाले ना रे? उत्तर धाडलेंस का?”

परसांतल्या भिंतीच्या वादावरून वेगळा निघालेला आमचा धाकटा बंधु. त्यानें पत्रांत आपली चूक स्वच्छ कबूल केली होती. तें आम्हीं कपाटांत, हुंबाबाच्या टिपणांखालीं, ठेवून दिलें होतें. आम्हीं मान खालीं घातली, आणि आत्याबाईंनींही पुन्हां विचारलें नाहीं.

घरीं परतल्यावर तें वर काढलें. उत्तर अवघ्या तीन ओळींचें झालें, पण लिहावयास रात्र पुरली नाहीं. पांचवी कथा अद्याप तशीच पडून आहे.