लवादाचं गाव कुठलं?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं वाडवडील सांगून गेले. परदेशी व्यापारातले शहाणे म्हणून लवादाकडे जातात. आमच्या बँकेच्या आयात-निर्यात खात्यात त्यांचे करार मी पाहतो. भाव, बोटी, तारखा यांना बारा पानं. भांडणाला शेवटी एक ओळ. पण सगळी गंमत त्या ओळीत! मुंबईत नव्या शेजाऱ्याला विचारतात ना, "गाव कुठलं?" तसं लवादालाही गाव लागतं. पंच दुबईत जेवोत की सिंगापुरात झोपोत. गाव लंडन लिहिलं की देखरेख तिथल्या कोर्टाची. गाव मुंबई असेल तर आपला १९९६ चा कायदा, आणि निकाल रद्द करून हवा असेल तर तीन महिन्यांत कोर्टात! म्हणजे पायरी आहेच, मधे पंचांची फी तेवढी वाढली.

परगावच्या लवादात आपल्या कोर्टांनी डोकावावं का? सर्वोच्च न्यायालय २००२ साली म्हणालं, डोकावता येईल. २०१२ साली म्हणालं, छे! २०१५ च्या दुरुस्तीने अंतरिम मदतीपुरती खिडकी पुन्हा किलकिली झाली. तेव्हा शेटजी, भावाची घासाघीस मागाहून करा, आधी गाव ठरवा. आमच्या घरी हा घोळ नाही. लवादाचं गाव स्वयंपाकघर. निकाल तोंडी, अपील नाही.