एमएच २५

हजरत ख्वाजा बंदानवाज यांचा उर्स जिल्कद महिन्यात भरतो. २०१८ साली तो जुलैच्या अखेरीस आला. आम्ही घरचे नऊ जण भाड्याच्या क्रूझरने गुलबर्ग्याला जियारतीसाठी गेलो होतो. परतताना उमरगा मागे पडले, जळकोट आले आणि ड्रायव्हरचे डोळे मिटू लागले. रात्रीचा एक वाजला होता. गाडीतच झोपायचे ठरले.

प्रवासात रात्री मुक्काम करताना वाटेपासून बाजूला व्हावे, अशी हदीसची शिकवण आहे. ती आठवून अब्बांनी गाडी महामार्गावरून एका शेतरस्त्याला घ्यायला लावली. दिवे बंद केले, काचा बोटभर उघड्या ठेवल्या. अम्मी आयतुल कुर्सी पढत होत्या. झोप कुणालाच येईना.

त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना मुले पळवणारे समजून ठार मारले होते. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे लोक. ही बातमी आम्ही सर्वांनी वाचली होती. चोराचे भय होतेच. पण आम्हालाच कुणी चोर समजेल, हे भय त्याहून मोठे होते.

थोड्या वेळाने दोन बॅटऱ्या हलत आल्या. हातात काठ्या.

"कोण हाय गाडीत?"

"अब्बा, नाव सांगू नका," भाभी कुजबुजली. अब्बा खाली उतरले, दोन्ही हात उजेडात धरले, राम राम घातला. मग आपले पूर्ण नाव सांगितले, उर्साहून आल्याचेही सांगितले. क्षणभर कुणी बोलले नाही. बॅटरीचा झोत नंबर प्लेटवर गेला.

"एमएच २५. आपलीच की!" म्हातारा म्हणाला. "मागल्या पंधरवड्यात हिरीवरची मोटर गेली, म्हणून राखण करतोय. अंधारात गाडी बघून आमचंबी काळीज हललं. हितं नगं, पंपावर चला."

मोटारसायकल पुढे घालून त्यांनी आम्हाला पेट्रोल पंपावर नेले. वाट सोडायची ती धोका टाळण्यासाठी; आज तो उजेडात टळतो, हे अब्बांनाही पटले.

तेव्हापासून आमची रीत ठरली आहे. मुक्काम उजेडात करायचा आणि तिथल्या माणसाला आपण होऊन सांगायचा. गाडीचे तोंड रस्त्याकडे, दारे आतून बंद, एक जण जागा. बायकांनी बाहेर जाताना दोघी मिळून जायचे. घरी ठिकाण कळवायचे. ११२ आणि महामार्गाचा १०३३ हे नंबर मुलांनाही पाठ आहेत.

पण गाडीवर एमएच २५ नसते तर? हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आमच्या गल्लीत रात्री परजिल्ह्याची गाडी थांबली, की आम्ही आधी पाण्याचा तांब्या घेऊन जातो. नाव नंतर विचारतो.